खोदलेला दगड टाकला कुठे?

आमच्या मेहकर तालुक्यात नजर आडवी चालते. पावसाळ्यात सोयाबीन, त्यात तुरीची तासे, मध्येच कपाशीचा एखादा पट्टा, धुऱ्यावर बाभूळ आणि कडुनिंब, आणि फार तर क्षितिजावर एखादी बोडकी टेकडी. उभे असे काही पाहायचे तर देवळाचा कळस, पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर. अशा मुलखातून वेरूळ, आग्रा किंवा रामेश्वर पाहायला निघालेल्या माणसाला मान वर करून पाहण्याची सवय नसते. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, परत आल्यावर गावातल्या ओट्यांवर त्या स्थळांविषयी जे बोलले जाते ते मला ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ या थाटाच्या छापील वाक्यांपेक्षा कितीतरी नेमके वाटत आले आहे.

रब्बीची सोंगणी आटोपून हरभरा घरात आला की आमच्याकडून यात्रेच्या गाड्या निघतात. निमित्त देवदर्शनाचे असते. लेणी, किल्ले, समुद्र ही वाटेवरची भर. गाडीच्या टपावर शेगड्या आणि तांदळाची पोती, आत साठीच्या पुढची मंडळी आणि त्यांना सांभाळायला म्हणून घरातली एखादी सून किंवा नातू, अशी ती रचना. मी या सांभाळणाऱ्यांपैकी. सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, यांच्या मागे-पुढे पाण्याच्या बाटल्या आणि गोळ्यांची पिशवी घेऊन हिंडताना मला एक गोष्ट हळूहळू दिसू लागली. प्रसिद्ध स्थळापुढे माणूस खरोखर थक्क होतो तेव्हा त्या थक्क होण्याचा धागा बहुधा त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या एखाद्या कामाशी बांधलेला असतो. ज्याने कधी खडक फोडलेला नाही त्याला लेणे सुंदर दिसते आणि तो पुढे सरकतो. ज्याने फोडला आहे त्याच्या छातीत धस्स होते.

मामाजींच्या उमेदीचा मोठा काळ विहिरी खोदण्यात गेला. स्वतःच्या शेतातली तर त्यांनी खोदलीच, पण आसपासच्या गावांत जवाहर योजनेच्या विहिरी निघाल्या तेव्हा त्यांची टोळी त्या कामांवरही होती. आमच्याकडे विहिरीची खोली अजूनही परसांत सांगतात. परस म्हणजे ढोबळमानाने उभा माणूस. वरची काळी माती सरली की मुरूम लागतो, मुरमाखाली मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. मुरमात टिकाव चालतो, मांजऱ्यात पहार चालते, पाषाणाला मात्र सुरुंगच लावावा लागतो. आणि फुटलेला दगड वर काढायला यारी, म्हणजे दगड उचलणारे यंत्र, आणि ती येण्याआधीच्या दिवसांत दोर, टोपल्या आणि माणसांच्या पाठी. अर्धी मेहनत खोदण्याची आणि अर्धी खोदलेले दूर नेऊन टाकण्याची, असे ते नेहमी सांगतात. काठालगत ढीग साठू दिला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो पुन्हा विहिरीत उतरतो. त्यामुळे विहिरीच्या कामात पाणी कुठे लागेल हा प्रश्न मालकाचा असतो, आणि दगड टाकायचा कुठे हा खोदणाऱ्याचा.

हे सगळे घेऊन मामाजी वेरूळला गेले, ही गोष्ट मला तिथे पोहोचेपर्यंत सुचलेली नव्हती. घृष्णेश्वराचे दर्शन झाले होते, रांगेत पाय दुखले होते, जेवणे व्हायची होती, आणि गाडीतल्या निम्म्या मंडळींचे मत होते की देव पाहिला, आता लेणी कशाला. कैलास लेण्याच्या, म्हणजे सोळा क्रमांकाच्या लेण्याच्या, दारातून आत गेल्यावर पहिल्या क्षणी फारसे काही घडतही नाही. आपण एका मोठ्या देवळाच्या अंगणात आलो आहोत एवढेच वाटते. शेजारच्या गटाचा गाईड पाठ केलेल्या स्वरात सांगत होता: राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवे शतक, अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, आणि हे देऊळ बांधलेले नसून डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले आहे. हे शेवटचे वाक्य शाळेच्या पुस्तकातही असते. लोक ते ऐकतात, ‘हो का’ म्हणतात आणि हत्तीपाशी फोटो काढायला जातात.

मामाजी मात्र देवळाकडे गेलेच नाहीत. ते सरळ मागच्या कड्याकडे गेले, जिथे मूर्ती नाही, नक्षी नाही, नुसती कापलेली उभी भिंत आहे. त्या भिंतीवर छन्नीच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट दिसतात, एकाखाली एक, शेजारी शेजारी, हातभर लांबीच्या पट्ट्यांत. मामाजींनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे भिंतीच्या अगदी जवळ नेले आणि एका पट्टीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते तिथेच सरकत राहिले. एका ठिकाणी रेघांचा कल बदलला होता. “हा डावखोरा होता, पाहा,” ते मला म्हणाले. खरे असेल किंवा नसेल. पण बाराशे वर्षांपूर्वीच्या एका मजुराचा हात कोणी इतक्या सहजपणे ओळखीच्या माणसासारखा दाखवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मग त्यांनी मान मागे टाकली आणि कड्याची वरची कड शोधली. मागच्या बाजूला हा कडा सुमारे ३० मीटर उंच आहे. मामाजींना मीटर कळत नाहीत असे नाही, पण ते ओठांतल्या ओठांत परस मोजत होते. सोळा-सतरा परस. आमच्या शिवारातली सर्वांत खोल विहीरही त्याच्या निम्मी भरत नाही.

“सुरुंग नोयता ना तवा,” ते म्हणाले. ते विचारत नव्हते, स्वतःलाच सांगत होते.

बाजूच्या चढणीने डोंगरावर जाता येते आणि तिथून कैलास वरून पाहता येतो. गुडघे कुरकुरत असतानाही मामाजी वर आले. तिथे एक गोष्ट मी अगदी जवळून पाहिली. तरुण पोरे कड्याच्या टोकाशी उभी राहून मोबाइल पुढे धरत होती. मामाजी टोकापासून चार हात अलीकडेच थांबले, खाली बसले आणि बसल्या बसल्या पुढे सरकले. विहिरीच्या काठावर उभे राहायचे नसते, हा टोळीचा पहिला नियम. खाली शिखर होते, त्याच्या पायथ्याशी गच्ची, नंदीमंडप, दोन्ही बाजूंचे स्तंभ आणि सर्वांत तळाशी मुंग्यांएवढी माणसे. विहीर खोदणाऱ्याने जी दिशा आयुष्यभर पाहिली, वरून खाली, तीच इथे होती. फरक एवढाच की खोदणाऱ्यांनी मध्ये एक अख्खे देऊळ शिल्लक ठेवले होते. “खाली येता येता हत्ती ठेवत आले लेकाचे,” मामाजी म्हणाले. त्या वाक्यात सगळे होते. तीन बाजूंनी चर खणून मधला खडक मोकळा केलेला. त्याच्या माथ्यावर शिखराचे काम चाललेले असताना चौथऱ्याभोवतीचे हत्ती अजून सोळा परस खाली अखंड दगडात. आणि तरी वरच्या माणसाला ते तिथे आहेत हे ठाऊक. बांधकामात चुकलेली वीट काढून दुसरी बसवता येते. इथे एक घाव जास्त बसला तर तो दगड परत आणायला कोणी नाही.

बराच वेळ झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला. “बाई, खंदेल दगड टाकला कुठी यायनं?”

अंगणाची लांबी, रुंदी आणि खोली यांचा नुसता तोंडी गुणाकार केला तरी काढलेला दगड लाखाहून अधिक टन होतो. माझ्याकडे उत्तर नव्हते, गाईडकडेही नव्हते. मामाजी मात्र समोरच्या उताराकडे, खालच्या रस्त्याकडे आणि पलीकडच्या सपाटीकडे अशा नजरेने पाहत राहिले की जणू कुठे तरी तो ढीग दिसायलाच हवा. त्या दिवशी मंडळींपैकी अनेकांना कैलास आवडला. दडपण मात्र त्यांच्या एकट्यावर आले होते, आणि ते संध्याकाळी जेवणाच्या पंगतीतही उतरले नाही. वाढणाऱ्याने भात विचारला तर ते म्हणाले, “इतली माणसं जेवत कुठी असतीन?”

कळल्याने नवल मरते असे एक लाडके मत आपल्याकडे फार चालते. लहान मुलाला सगळ्याचे अप्रूप असते आणि जाणत्याला कशाचेच नाही, म्हणून प्रवासाला जाताना पाटी कोरी करून जावे, असा उपदेश मी अनेकदा वाचला आहे. मला तो पटत नाही. पाटी कोरी असणारे बहुतेक जण कैलासासमोर वीस मिनिटे थांबतात आणि पुढे जातात. त्यात त्यांचा दोषही नाही, कारण जे दिसते त्याला धरायला त्यांच्याकडे हाताची पकड नाही. (शाळेच्या सहलींविषयी तर बोलायलाच नको, तिथे मुलांना लेणी दाखवतात की लेण्यांना मुले, हे मला आजवर कळलेले नाही.)

ताजमहालाच्या बाबतीत माझी स्वतःची परिस्थिती या कोऱ्या पाटीच्या उलट होती, आणि तीही काही फार बरी नव्हती. ताजमहाल आमच्या घरात आधीपासून होता: किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर, रुखवतात आलेल्या काचेच्या पेटीत, आणि मुलांच्या कंपासपेटीच्या झाकणावर. आग्र्याला मोठ्या दरवाजाच्या कमानीतून तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटले, हो, हाच तो. कमानीतून पुढे चालत गेले की तो लहान होत जातो आणि मागे मागे सरकले की मोठा दिसतो. गाईड लोक हा नजरेचा खेळ आवर्जून करून दाखवतात. मौज वाटते, पण मौजेपलीकडे काही होत नाही. पांढरा घुमट, चार मिनार, पाण्यातले प्रतिबिंब, सारे काही जागच्या जागी होते आणि त्या सगळ्याचे मी आधीच पाहून झाले होते.

मंडळींमध्ये पहिली खळबळ उडाली ती इमारतीमुळे नव्हे. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारली आणि तिला आधी तिथेच, तापीपलीकडच्या बागेत पुरले होते, हे कोणी तरी सांगितले. बुऱ्हाणपूर म्हणजे आमच्या जळगाव जामोदच्या पलीकडचे. गाडीतल्या दोघींच्या माहेरची माणसे तिकडे बाजाराला जातात. “आपल्याच अंगाची निघाली वं,” एक जण म्हणाली. मग तिचा मृत्यू चौदाव्या बाळंतपणात झाला हेही कळले, आणि त्यानंतर रांगेतून चबुतऱ्यापर्यंत जाईपर्यंत बायकांनी दुसरा विषय बोलू दिला नाही. शहाजहानच्या प्रेमाविषयी त्या बायकांचे जे मत तिथे बनले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण मला ते पूर्णपणे मान्य आहे.

खरे घडले ते आत. मुख्य घुमटाखाली फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे आतला ताजमहाल कॅलेंडरवर येत नाही, आणि त्यामुळेच तो आमच्यापर्यंत शिळा होऊन पोहोचलेला नव्हता. कबरींभोवती संगमरवराची जाळी आहे आणि तिच्या चौकटीवर वेली आणि फुले. ती रंगवलेली नाहीत. मकराण्याच्या पांढऱ्या दगडात खाचा करून त्यांत अकीक, लाजवर्द, पिरोजा असे रंगीत दगडांचे तुकडे बसवलेले आहेत. एका गाईडने बॅटरीचा झोत एका फुलावर टेकवला आणि लाल अकीक आतून पेटल्यासारखा झाला. सगळे ‘अरे वा’ म्हणून सरकले. आत्याबाई सरकल्या नाहीत.

आत्याबाई गोधड्या शिवतात. जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर लावून, चारही कडांकडून आत येत जाणारे टाके घालत त्या एक गोधडी उन्हाळाभर पुरवतात, आणि दुसरीने शिवलेली गोधडी हातात आली की आधी ती उलटी करून पाहतात; कारण सुलट बाजू कोणालाही साधते. त्यांनी त्या फुलाच्या एका पाकळीवरून करंगळीचे नख अलगद फिरवले. शोधत होत्या सांधा. पांढरा दगड संपून लाल सुरू होतो तिथे नखाला काही तरी लागायला हवे होते. लागले नाही. त्यांनी दुसऱ्या पाकळीवर नख नेले, मग देठावर, जिथे हिरव्याची रुंदी सुतळीएवढीही नव्हती. एवढ्यात रखवालदार ओरडला आणि आम्हाला पुढे जावे लागले. बाहेर उन्हात आल्यावर, पायांतल्या कापडी पिशव्या सोडताना, आत्याबाई म्हणाल्या, “उलटून पाहाले भेटलं असतं त कयलं असतं कसं केलं.”

त्यांच्या या वाक्यानंतर मी ताजमहालाकडे पुन्हा पाहिले. दर्शनी कमानीभोवती काळ्या अक्षरांच्या ओळी आहेत, अमानत खान या सुलेखनकाराच्या हातच्या, आणि वर वर जाताना ती अक्षरे मोठी होत जातात, जेणेकरून खाली उभ्या असलेल्याला सगळी सारखी दिसावीत. हेही मी कुठे तरी वाचले होते. पण शाळेच्या भिंतींवर सुविचार आणि निवडणुकीत मतदान केंद्रांचे फलक रंगवायचे काम आमच्या गावात कोणाकडे येते ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याकडे येते. आणि शिडीवर चढून काढलेले अक्षर खाली उतरून पाहिले की कसे आखडते याचा मला चांगला अनुभव आहे. तिथे रंग आहे, पुसता येतो. इथे प्रत्येक अक्षराची खाच संगमरवरात आधी कापायची आणि मग काळा दगड तिच्यात तंतोतंत बसवायचा, कित्येक पुरुष उंचीवर, आणि खालून ते कसे दिसेल याचा हिशोब जमिनीवरच करून ठेवायचा. इमारतीची ७३ मीटर उंची मला त्या दिवशी दडपू शकली नाही. एका अलिफने, म्हणजे त्यातल्या एका अरबी अक्षराने, दडपले.

समुद्राचे तसे नाही, असे कोणी म्हणेल. तिथे कोणाच्या हाताचे काम नाही. रामेश्वरला जाताना पांबनचा जुना पूल लागत असे. १९१४ मध्ये सुरू झालेला, दोन किलोमीटरहून थोडा लांब, गाडी त्यावर चढली की माणसाच्या चालीने जाई आणि खिडकीतून खाली पाहिले तर रूळ दिसत नसत, फक्त पाणी. डब्यात गोंगाट चालला होता तो पुलावर येताच थांबला. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, पाणी गुंडांत, म्हणजे कळश्यांत, मोजले जाते, आणि कोणाच्या वाट्याला किती गुंड आले यावरून जावा-जावांत बोलणे बंद होते. ज्या बायकांनी पाणी डोक्यावरून आणले आहे त्यांनी ते पाणी दोन्ही अंगांना आभाळापर्यंत पसरलेले पाहिले. काही जणींनी पदर तोंडाला लावला. नंतर अग्नितीर्थावर स्नान करताना एकीने ओंजळ तोंडाला लावून पाहिली आणि थुंकली. “इतलं पानी अन् एक गुंड भरता येत नाई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात भक्ती होती की राग, हे सांगता येणार नाही. समुद्रकाठच्या माणसाला हे वाक्य सुचणार नाही. सुचायचे तर आधी टँकरच्या नळीखाली उभे राहायला हवे.

आकडा मोठा असला की माणूस थक्क होतो, हा समज तर मला अगदीच पोकळ वाटतो. नर्मदेकाठचा १८२ मीटरचा पुतळा आम्ही पाहिला. उंची आधीच माहीत होती, फोटो आधीच पाहिले होते, आणि प्रत्यक्षात ते दोन्ही खरे निघाले. मंडळींनी तो आदराने पाहिला. पण मामाजी त्याच्याकडे पाठ करून धरणाकडे पाहत उभे होते, कारण तिथून निघणारा कालवा गुजरातमधून ४५८ किलोमीटर जातो असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. “आन् शेवटच्या गावाले पानी पोचते?” हा एकच प्रश्न ते भेटेल त्याला विचारत राहिले. पैनगंगा ज्यांच्या तालुक्यातून वाहते आणि तरी ज्यांच्या हरभऱ्याला एक पाळी कमी पडते, त्यांना ते सुचणारच.

आता लोणार. आमच्या घरापासून इतके जवळ की ते ‘स्थळ’ आहे हे आम्हाला बाहेरच्यांनी सांगावे लागले. लहानपणापासून लोणार म्हणजे आमच्यासाठी धारेवरचे स्नान, नवरात्रात कमळजादेवीची ओटी आणि दैत्यसूदनाच्या देवळात ऐकलेली लोणासुराची गोष्ट: असुर जमिनीखालच्या बिळात राहत होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. तिथे कोणी थक्क होत नसे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्या जगाने बातमी केली. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितले की पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी हा रंग आणला. तेव्हा आमच्या गावातूनही मोटारसायकली गेल्या. रंग काही काळाने ओसरला आणि मोटारसायकलीही थांबल्या. मला तेव्हाही वाटले होते की लोक पाण्याचा रंग पाहत आहेत आणि ते पाणी ज्यात आहे त्याकडे कोणाचे लक्ष नाही.

मामाजींना मी लोणारला मुद्दाम नेले ते वेरूळनंतर. त्यांनी ती दरी आयुष्यभर पाहिलेली होती आणि ‘तिथी काय हाय पाहाले’ हे त्यांचे म्हणणे होते. काठावर, नेहमीप्रमाणे टोकापासून चार हात अलीकडे, ते बसले. मी त्यांना वाचलेले सांगितले. ही दरी आकाशातून आलेल्या एका दगडाच्या आघाताने झालेली आहे. पूर्वी तिचे वय सुमारे ५२ हजार वर्षे मानत. नंतर दगडातल्या अर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली दीडशे मीटरच्या जवळपास. कित्येक वर्षे अभ्यासक याला ज्वालामुखीचे तोंड समजत होते. मग तळातल्या आणि काठावरच्या दगडांत अशी काच सापडली की जी फक्त प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होते, आणि वाद मिटला. आणि दगड कोणता? तोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, वेरूळचा, आमच्या विहिरीचा, काळा पाषाण.

त्यांनी सगळे ऐकले. वर्षांच्या आकड्यांवर ते काही बोलले नाहीत. लाखाच्या पुढचे आकडे त्यांच्या लेखी सरकारी असतात. खोलीवर मात्र थांबले. दीडशे मीटर म्हणजे ऐंशी परसांच्या वर.

“किती दिवस लागले म्हनता?”

मी म्हटले, दिवस नाही, क्षण. मी टाळी वाजवून दाखवली.

मामाजींनी माझ्याकडे पाहिले, मग दरीकडे. आपल्या विहिरीला किती उन्हाळे गेले, त्यात कोणाचे बोट गेले, सुरुंग उशिरा उडाला तेव्हा कोण थोडक्यात वाचले, कोणत्या वर्षी मजुरी द्यायला बैल विकावा लागला, हे सगळे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. त्या वेळी त्यांनी त्यातले काहीही सांगितले नाही. त्यांचा उजवा हात मात्र मांडीवर मुठीत आवळला आणि सुटला. जन्मभर पाहिलेली दरी ते पहिल्यांदा पाहत होते, आणि मला उगीचच अपराधी वाटले, कारण कैलासापुढे त्यांच्या मनात माणसांविषयी जो आदर दाटून आला होता तसा इथे कोणाविषयी दाटायला जागा नव्हती.

पण त्यांचा प्रश्न कायम होता, आणि इथे तो मला आधीच ठाऊक होता. “मंग खंदेल दगड गेला कुठी?”

या वेळी उत्तर होते. मी त्यांना म्हटले, आपण त्यावरच बसलो आहोत. लोणारचा काठ आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. गावाकडून येताना जो चढ लागतो तो टेकडीचा नाही, विवरातून उसळलेल्या दगडाचा आणि उलथून वर आलेल्या थरांचा आहे. हा भर काठापासून बाहेर एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आहे. मामाजी ताबडतोब उठले. काठाच्या आतल्या अंगाला जिथे खडक उघडा पडला आहे तिथे त्यांनी थर पाहिले, ते बाहेरच्या बाजूला कलंडलेले होते. बाहेरच्या अंगाला चार दगड उचलून उलटेपालटे केले. मुरूम, मांजऱ्या आणि पाषाण, जे विहिरीत कायम एकाखाली एक येतात, ते इथे एकाच हातात, एकमेकांत मिसळलेले सापडत होते. ते पाहून त्यांचा चेहरा जो खुलला तो मी कुठल्याही यात्रेत खुललेला पाहिला नव्हता. असुराच्या गोष्टीतले ते झाकणही त्यांना आठवले. म्हणाले, झाकण उडवले म्हणणाऱ्याने एवढे तरी नीट पाहिले होते की वरचा दगड कुठे तरी जाऊन पडायलाच हवा.

परतताना धाब्यावर चहा घेताना शेजारच्या बाजेवर त्याच बाजूचा एक शेतकरी बसला होता. मामाजींनी त्याला कापसाचा भाव न विचारता थेट विचारले, तुझी विहीर खोदली तेव्हा आधी काय लागले. तो म्हणाला, “काही मेळच नोयता काका. आधी पाषाण लागला, त्याच्या खाली मुरूम, मंग अजून फुटेल पाषाण. खंदनारे म्हनत, उलटी विहीर हाय तुमची.” मामाजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्या शेताचा गट नंबर, वाट आणि विहिरीला कठडा आहे की नाही हे विचारून घेतले. पोळा झाला की आम्ही तिकडे जाणार आहोत. दरी पाहायला वेळ उरला तर पाहू, आधी त्याची विहीर.